‘औद्योगिक वापराचा माल’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली निर्यातदारांवरची बातमी वाचली. ‘आमचा माल औद्योगिक वापराचा, कस्टम्सने पास केला, पुढचं आम्हाला काय माहीत’ हे उत्तर आपल्या वार्ताहरांनी जसंच्या तसं छापलं. पुढे एक प्रश्नही नाही. धन्य!

अहो, स्कोमेट म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येईल अशा मालाची सरकारी निर्यात-नियंत्रण यादी. तिच्यातला बराचसा माल औद्योगिक वापराचाच असतो. ट्रायइथेनॉलअमाइन शाम्पूत पडतं, सिमेंट दळतानाही लागतं. ते यादीत आहे. पोटॅशियम फ्लोराइडही आहे, पण कस्टम्सच्या वर्गीकरणात, म्हणजे एचएस कोडात, ते ‘इतर फ्लोराइड’च्या गठ्ठ्यात जातं. म्हणजे नुसता एचएस कोड जुळवणाऱ्याला ते दिसणारच नाही. कॅस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बघावा लागतो: ७७८९-२३-३. तो बघायचं काम निर्यातदाराचं. माल रवाना करणाऱ्या एजंटचं (फॉरवर्डरचं) नव्हे, कस्टम्सचं तर नव्हेच.

मग देश. ट्रायइथेनॉलअमाइन रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या सदस्य देशात जात असेल तर परवाना लागत नाही, पण निर्यातीनंतर ३० दिवसांत कळवावं लागतं, सोबत अंतिम वापराचं प्रमाणपत्र. इजिप्त सदस्य नाही, तिथे आधी परवाना. इथेच नेहमीची गोम असते. माल दुबईच्या व्यापाऱ्याच्या नावे काढायचा, दुबई सदस्य देशात आहे म्हणून निर्धास्त व्हायचं, आणि प्रमाणपत्रावर सही त्याच व्यापाऱ्याची! तो काय ते पिंप स्वतः वापरणार आहे? प्रत्यक्ष वापरणाऱ्या कारखान्याचं नाव, पत्ता आणि वापर त्यावर नसेल तर तो कागद रद्दीत घाला.

भोसरी-चाकणच्या मंडळींनी ‘आम्ही केमिकलवाले नाही’ म्हणून हसू नये. ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाह्य व्यासाची, ४६० मेगापास्कल ताकद येऊ शकणाऱ्या अॅल्युमिनियम मिश्रधातूची नळी किंवा भरीव गोल बारही नियंत्रणात येतो. ७०७५ क्रमांकाचा मिश्रधातू त्यात सहज बसतो. ‘हीट ट्रीटमेंट न करता पाठवलं’ ही सबब चालत नाही. ताकद ‘येऊ शकणं’ पुरेसं आहे.

‘आम्हाला काय माहीत’ हे वाक्य याआधी न्यायालयात म्हणून झालेलं आहे. फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्याने ऐंशीच्या दशकात इराकला १,००० टनांहून जास्त थायोडायग्लायकॉल पुरवलं. ते शाईत आणि कापड रंगवायला वापरतात, आणि मस्टर्ड गॅसचा तो कच्चा मालही आहे. कापड उद्योगासाठी आहे असं समजलो, हा त्याचा बचाव. युद्धात गुंतलेल्या देशाच्या कापडगिरण्यांना एवढा माल कशाला, हे त्याने स्वतःला विचारलं नसेल असं हेगच्या न्यायालयाला वाटलं नाही. २००५ साली युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षं, २००७ साली अपिलात १७. वंशसंहाराच्या आरोपातून तो सुटला, एवढंच.

जाता जाता, बातमीशेजारी कवटीचं चिन्ह असलेल्या पिंपांचा फोटो कुणी निवडला? ट्रायइथेनॉलअमाइनच्या पिंपावर कवटी नसते, म्हणूनच ते नजरेतून सुटतं. आणि ‘स्कोमेट’चं ‘स्कॉमेंट’ एकदा झालं असतं तर मुद्रणदोष म्हटलं असतं. तीनदा झालंय.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड