रंग शिवारातले, चित्र मुलांचे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात कला आणि कार्यानुभवाच्या तासिका असतात, पण आमच्या भागातील अनेक शाळांत त्या वेळी गणिताचा किंवा भाषेचा मागे राहिलेला अभ्यास उरकला जातो, आणि रंगकामाची आठवण प्रदर्शन तोंडावर आले की होते. मग मुलांच्या हाती यादी दिली जाते : कार्डशीट, चमकी, स्केच पेन, कधी कधी थर्मोकोलसुद्धा, ज्याच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. निंदणाला जाणारी आई रोजी पाडून हे सामान तालुक्याच्या बाजारातून आणते, वस्तू घरातले मोठे माणूस बनवते आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे ते लेकरू बाजूला बसून बघत राहते. हे मला मनापासून खटकते.

शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, परंतु ती फक्त सहावी ते आठवीसाठी आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तरच. लहान गावातल्या दोनशिक्षकी शाळेला चित्रकलेचे गुरुजी मिळणार नाहीत, हे धरूनच मार्ग काढावा लागेल.

तो मार्ग आमच्या शिवारात आहे. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा फुले वेचून सावलीत वाळवली तर पुढे बराच काळ कामी येतात. रात्रभर भिजवून उकळली की केशरी रंग उतरतो आणि त्यात बाभळीचा डिंक विरघळवला की तो कागदावर धरतो. गेरू, चुलीतला कोळसा, कपड्यांची नीळ आणि हळद ही तर घरोघरी असतात. उन्हाळ्याच्या सुटीत मी शेजारच्या मुलांना हळदीचे पाणी लावलेला कागद दिला होता. त्यावर मी चुन्याच्या निवळीत बुडवलेल्या काडीने रेघ ओढली (चुना मुलांच्या हाती देऊ नये), ती तांबडी उमटली आणि लिंबाचा थेंब पडताच पुन्हा पिवळी झाली. त्यानंतर दुपारभर एकही मूल उठले नाही. दुसरीतल्या एका मुलीने त्याच हळदीने कपाशीचे वावर रंगवले, त्यात बोंडे झाडापेक्षा मोठी होती, आणि ती तशीच राहू द्यावीत असे माझे ठाम मत आहे.

तान्ह्या पोळ्याच्या आधी मातीचे बैल आणि भुलाबाईच्या दिवसांत मातीची भुलाबाई, एवढे दोन उपक्रम जरी वर्गात झाले तरी पुष्कळ शिकणे होते. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो, थोडी रेती आणि पिंजलेला कापूस मळून घातला तर टिकतो. हे मुलाला हाताने कळते आणि गावातली म्हातारी माणसे ते आनंदाने शिकवतात.

विदर्भाला हा विचार नवा नाही. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडली आणि शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला येऊन मुलांना कला शिकवू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कलेची सांगड इतर विषयांशी घालण्यास सांगितले आहे.

म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे की केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेचे, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीचे, एक सत्र शिक्षकांना हे रंग प्रत्यक्ष करून दाखवण्यासाठी द्यावे, कोऱ्या कागदाचा आणि ब्रशचा खर्च शाळेच्या संयुक्त अनुदानातून करण्याची स्पष्ट सूचना काढावी आणि प्रदर्शनासाठी पालकांकडून विकतचे सामान मागवणे थांबवावे. शाळा व्यवस्थापन समित्यांनीही कलेची तासिका दर आठवड्याला होते की नाही, हे सभेत विचारावे.

आपली नम्र,
एक पालक
ता. कळंब, जि. यवतमाळ