भिंतीखालून येणाऱ्या पाण्याचे काय?

महोदय,

समुद्र वाढतो आहे, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती किनाऱ्यावरच्या शहराने नुसत्या भिंतींवर पैसा ओतण्याबद्दल. पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या पर्जन्यवाहिन्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली. मोठ्या भरतीला आधी गटाराच्या झाकणाच्या भोकांतून बुडबुडे येतात, मग खारे पाणी रस्त्यावर पसरते. वाहिनीच्या तोंडाशी समुद्राचे पाणी उलटे आत येऊ न देणारी झडप नसेल, तर भिंत कितीही उंच बांधा, पाणी खालून येणारच! इटलीतल्या व्हेनिसने भरती अडवण्यासाठी समुद्रात, गरज पडली की वर उचलायचे 78 दरवाजे बसवले. 8 डिसेंबर 2020 रोजी अंदाज चुकला, ते उचललेच नाहीत आणि शहरातला सेंट मार्क चौक पाण्याखाली गेला. जकार्तात तर भूजलाच्या उपशाने जमीनच खचते आहे. निविदा काढण्याआधी झडपा, पंप आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च लोकांसमोर मांडा.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता