तिच्यासोबत बसशील तेव्हा

प्रिय लेकी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

मंडळीत नव्याने आलेल्या त्या मुलीसोबत दर आठवड्याला बायबल वाचायला बसायचं ठरवलंस, वाचून बरं वाटलं. "पण मला शिकवता कुठे येतं?" असं तू लिहिलंस, म्हणून हे पत्र.

येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा (मत्तय 28:19-20) मूळ ग्रीकमध्ये पाहिली, तर आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याला जोडून येतात. आणि शिकवायचं ते "पाळायला". हा शब्द निसटला की वहीत टिपणं वाढतात, वागणं तसंच राहतं.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. अध्याय 16, पण पहिला 45 वचनांचा आणि चौदावा 72 वचनांचा, त्यांना दोन-दोन बैठका लागतील. म्हणजे साधारण 18 आठवडे. बैठक तासाभराचीच ठेव. पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्याची: ठरवलेलं झालं का? हा प्रश्न संकोचापोटी गाळला जातो, आणि दोन-तीनदा गाळला की बैठकीची नुसती गप्पांची वेळ होते. नंतर उतारा दोनदा मोठ्याने वाचा. एकदा तू, एकदा ती. मग तीनच प्रश्न: यातून देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, आणि या आठवड्यात मी काय करणार?

प्रश्न विचारलास की गप्प बस. अर्धा मिनिट शांतता फार लांब वाटते, तरी उत्तर तू देऊ नकोस. हुशार माणसं इथेच चुकतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने लिहावं. "घरच्यांशी प्रेमाने वागेन" हे चालणार नाही. त्याचा पुढच्या आठवड्यात हिशेब कसा घेशील? "बुधवारी रात्री भावाला फोन करून माफी मागेन" हे चालेल. स्वतःचंही एक लिही, आणि जमलं नाही तर तसं सरळ सांग.

ती चुकीचं काही बोलली तर चारचौघांत दुरुस्त करू नकोस. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अपुल्लोस या उपदेशकाला बाजूला नेऊन समजावलं होतं (प्रेषितांची कृत्ये 18:26). तिने कबूल केलेलं दुसऱ्या कुणाकडे जाता कामा नये, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते" या नावाखालीही नाही. मात्र मारहाण किंवा जिवाचा धोका असेल तर गप्प राहायचं नाही. तिला सांगून योग्य मदत मिळवायची.

एरवीही तिला सोबत घे: आजाऱ्याला भेटायला जाशील तेव्हा, रविवारी खुर्च्या लावताना. येशूने बारा जण नेमले ते आधी "आपल्याबरोबर असावे" म्हणून (मार्क 3:14), संदेश द्यायला पाठवणं त्यानंतर.

आठव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला "आपण ख्रिस्त आहात" म्हणतो आणि लगेच खरमरीत बोलणी खातो. तिथवर पोचलात की प्रश्न विचारायचं काम तिच्याकडे दे. अडखळेल, अडखळू दे. सोळावा संपायच्या आत, ती कुणासोबत बसणार त्याचं नाव तिने सुचवायला हवं. तोवर त्या नावासाठी दोघी प्रार्थना करा.

तुझी,
आई