वहिनी, फॉर्मॅट मारू देऊ नका

श्टुटगार्ट,
१२ एप्रिल २०२६

सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. अपडेट पूर्ण झालं नाही, केलेले बदल मागे घेतोय, असं इंग्रजीत लिहिलंय आणि वर गोल फिरायलंय. दादा म्हणतो तसं कॉम्प्युटर 'गेलेलं' नाही. अपडेट फसल्याचं विंडोजला कळलंय आणि ते जुन्या जागी परत जायला बघतंय. दुकानात नेलं तर पहिल्याच वाक्यात 'फॉर्मॅट मारावं लागंल' असं ऐकायला मिळेल. फॉर्मॅट म्हणजे डिस्क सगळी पुसणं, तेवढं सोडून बाकी सगळं आधी करून बघा. अण्णांच्या हळदीच्या आडत-पट्ट्या, पीकविम्याच्या पावत्या, पोरांच्या शिष्यवृत्तीची कागदं त्याच डेस्कटॉपवर पडलेली आहेत. जुन्या मराठी फॉन्टमधले हिशेबही आहेत, फॉन्ट गेला की ते उघडतील पण वाचता येणार नाहीत.

फोनवर सांगितलं तर स्लॅशचा गोंधळ होतो, म्हणून लिहून पाठवतोय. मोबाईल कीबोर्डशेजारी उघडा ठेवून करा.

आधी काहीच करू नका. कॅबिनेटवर पॉवरच्या बटणाजवळ एक बारीक दिवा आहे, तो डिस्कचा. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, असेल तर तासाभरात आटपतं, आपल्यासारख्या जुन्या हार्डडिस्कला तीन-चार तासही लागू शकतात. अपडेटमध्ये नव्या फायली आधी बाजूला लिहिल्या जातात, मग बंद-चालू होताना जुन्यांच्या जागी बसवल्या जातात. त्या अदलाबदलीत लाईट गेली की अर्धं जुनं अन् अर्धं नवं राहतं. आता मागे फिरतानाही तीच अदलाबदल उलटी चालू आहे, म्हणून स्विच काढायचा नाही. दिवा बराच वेळ अजिबात हलला नाही आणि पडदाही तसाच राहिला, तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

बंद झाल्यावर प्रिंटर, पेनड्राइव्ह, वायफायचं डोंगल, सगळं काढा. कीबोर्ड, माउस अन् स्क्रीन एवढंच ठेवा. एखाद्या यूएसबीच्या वस्तूचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आडवा येणं हे फसण्याचं नेहमीचं कारण आहे.

परत चालू केल्यावर नेहमीसारखं उघडलं तर दुरुस्तीचा पुढचा भाग सोडून थेट फायलींच्या कॉपीवर या. पुन्हा गोलातच अडकलं तर दुरुस्तीच्या पडद्यावर जावं लागेल. चालू करा, कंपनीचं चिन्ह दिसताक्षणी बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज आपणहून 'ऑटोमॅटिक रिपेअर'मध्ये जातं. हे फक्त चिन्ह दिसताना करायचं. बदल मागे घेतोय असं वाक्य आलं तर परत थांबायचं.

तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. दोन पर्याय येतात. क्वालिटी अपडेट म्हणजे महिन्याचं, फीचर अपडेट म्हणजे वर्षाचं मोठं. आधी क्वालिटीवालं काढा. मध्येच ४८ आकड्यांची बिटलॉकर की (किल्ली) मागितली तर घाबरू नका, डिस्कला कुलूप लागलेलं आहे इतकाच त्याचा अर्थ. ज्या ईमेलने कॉम्प्युटर उघडता त्याच मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मोबाईलवरून जाऊन ती की बघता येते. फॉर्मॅटवाल्यांचा धंदा निम्मा की मागणाऱ्या याच निळ्या पडद्यावर चालतो.

अनइन्स्टॉलही जमलं नाही तर त्याच पानावर कमांड प्रॉम्प्ट आहे. खाली मी उच्चार देतोय, टाईप इंग्रजीत करायचं. आधी डीआयआर, जागा, सी, कोलन लिहून एंटर दाबा. यादीत विंडोज अन् यूजर्स हे फोल्डर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर सीऐवजी डी, ई असं करून बघा, कारण दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. अक्षर सापडलं की ही ओळ, त्यात सीच्या जागी सापडलेलं अक्षर:

डीआयएसएम, जागा, स्लॅश इमेज कोलन सी कोलन बॅकस्लॅश, जागा, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, जागा, स्लॅश रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स.

स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची रेघ, उजव्या शिफ्टजवळ. बॅकस्लॅश एंटरच्या वर किंवा शेजारी असतो, उलटा झुकलेला. रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स हा सलग एकच शब्द आहे. अर्धवट राहिलेली कामं रद्द कर, असं ही ओळ सांगते. ती इथेच चालते, विंडोज उघडलेलं असताना नाही. झाल्यावर बंद-चालू करा.

उघडलं की दुसरं काही करायच्या आधी पेनड्राइव्ह लावून अण्णांचं फोल्डर, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, तिन्ही कॉपी करा. कॉपी होताना डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल किंवा एकाच फायलीवर अडकत असेल, तर पुढचं सगळं थांबवा आणि मला कळवा. तसं असेल तर दोष अपडेटचा नसून डिस्कचा आहे, आणि मरत्या डिस्कवर अपडेट करणं म्हणजे तिला लवकर पोचवणं.

मग कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते आणि अपडेटचा सर्व्हर ओळखच देत नाही. सेल स्वस्त असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नंतर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी. फसलेल्या अपडेटसमोर एक कोड असतो. शून्य, एक्स, मग ८००७००७० असेल तर जागा कमी पडली. ८००७३७१२ असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्यात. शून्य, एक्स, सी, मग १९००१०१ असेल तर ड्रायव्हर. मला फक्त तो कोड कळवला तरी पुरे.

माझा अंदाज जागेचा आहे, सी ड्राइव्हची लाल पट्टी मागच्या फोटोतच दिसत होती. मोठ्या अपडेटला २० जीबी तरी मोकळी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून साफ करता येतं. मात्र त्या यादीत डाउनलोड्स हाही एक चौकोन असतो. त्याला टिक करू नका! आडतीकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या पट्ट्या तिथेच असतात.

जागा झाली की अर्धवट उतरलेले तुकडे बाजूला काढायचे, नाहीतर विंडोज तेच कुजकं सामान परत बसवायला बघतं. स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, उजवं क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. नेट, जागा, स्टॉप, जागा, डब्ल्यूयूएयूएसईआरव्ही. तसंच शेवटी बीआयटीएस लिहून. दोन्ही सेवा थांबल्या की सी ड्राइव्ह, विंडोज या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन नावाचं फोल्डर दिसेल. त्याच्या नावापुढे डॉट ओल्ड जोडा. मग स्टॉपच्या जागी स्टार्ट लिहून दोन्ही सेवा परत चालू करा. नवं फोल्डर आपोआप तयार होतं. जुनं आठवड्याने काढून टाका.

त्याच काळ्या खिडकीत: डीआयएसएम, जागा, स्लॅश ऑनलाइन, जागा, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, जागा, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. याला इंटरनेट लागतं, तेव्हा काढलेलं वायफायचं डोंगल परत लावा. ६२.३ टक्क्यांवर ते खूप वेळ अडकल्यासारखं दिसतं. खिडकी बंद न करता चहा करून या. ते संपल्यावर एसएफसी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ. क्रम हाच ठेवा. एसएफसी बिघडलेल्या फायली बदलायला विंडोजच्या कोठारातून नव्या घेतं, आणि ते कोठार डीआयएसएम दुरुस्त करतं. कोठारच किडलेलं असेल तर दाणे कुठून आणणार?

आता परत अपडेट. कधी, हे जास्त महत्त्वाचं आहे. एप्रिलच्या दुपारी वसमतमध्ये लाईटचा काय भरवसा. सकाळी सहाला बसा, मशीनही थंड असतं. आपला तो छोटा ६०० व्हीएचा यूपीएस नवा असताना दहा-पंधरा मिनिटं टिकायचा, आता बॅटरी जुनी झाली. तो नीट बंद करण्यापुरता आहे, अपडेट करण्यापुरता नाही. सीपीयूची वायर घरच्या इन्व्हर्टरच्या बोर्डात लावा आणि इन्व्हर्टरच्या मागे मोडचं बटण असेल तर यूपीएस मोडवर करा. साध्या मोडमध्ये लाईट जाताना पंखा अडखळतो तेवढ्या वेळात कॉम्प्युटर बंद पडतं. ते सकाळचं जमत नसेल तोवर विंडोज अपडेटमधून एक आठवड्याचा पॉज द्या, म्हणजे मध्येच आपणहून सुरू होणार नाही.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे उतरवू नका. रोजच्या दीड-दोन जीबीत वर्षाचं अपडेट मावत नाही आणि अर्ध्यावर तुटलं की पुन्हा तीच कहाणी. हॉटस्पॉट जोडलाच तर वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे मोठं अपडेट आपणहून उतरणार नाही.

एवढं करूनही फसलं तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' आणि समोर 'रीइन्स्टॉल नाऊ' आहे. तेच विंडोज नव्याने बसतं, फायली आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात. शेजारीच 'रिसेट धिस पीसी' आहे, ते वेगळं. त्यात 'कीप माय फाइल्स' घेतलं तरी सॉफ्टवेअर उडतात. दुकानात नेण्याची वेळ आलीच तर त्यांना सांगा की पेनड्राइव्हवरून बूट (मशीन चालू) करू नका, विंडोज चालू असताना आतून सेटअप लावा आणि फायली व ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. त्या सेटअपला पेनड्राइव्ह ८ जीबीचा लागतो.

बसल्यावर गडबड वाटली तर दहा दिवसांच्या आत त्याच रिकव्हरीच्या पानावरून 'गो बॅक' करता येतं. तोवर विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर जागा खातंय म्हणून दादाला उडवू देऊ नका.

बिटलॉकरची की एका कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवा. अण्णांना आणि आईंना शि. सा. नमस्कार. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे सहा, त्यानंतर कधीही फोन करा. कोडचा फोटो मात्र आधी पाठवा.

तुमचा,
धाकटा दीर