सूचना : रविवारची बैठक आणि खानापूरचं बाळ

सर्व वाचक सभासदांना नमस्कार.

खानापूरच्या आपल्या सभासद ताईंचं बाळ पिवळं दिसू लागलं, तेव्हा ग्रुपवर रात्रभर सल्ले आले. सगळे काळजीपोटीच. पण कोवळं ऊन, गुटी, मध हे काविळीवरचे उपचार नव्हेत. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. जन्मापासून 24 तासांत कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर थेट दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 लावा. तायी कार्ड (कर्नाटक सरकारचं आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचं कार्ड) सोबत असू द्या. त्यावरचं कन्नड कळत नसेल तर आशाताईंना विचारा, लाजू नका.

बाळाला दवाखान्यात काविळीच्या उपचारासाठी निळ्या दिव्याखाली ठेवलंय, दूध नीट पितंय. घरी आल्यावर लगेच भेटायला गर्दी करू नये, ही कळकळीची विनंती.

रविवारची बैठक टिळकवाडीत नेहमीच्या जागी. बाळाला शब्द कळत नसले तरी आईचा आवाज ते ओळखतं, म्हणून ताईंना मोठ्यानं वाचायला बडबडगीतं आणि ओव्यांची पुस्तकं द्यायची आहेत. आपल्यातल्या कितीजणांना वाचनाची गोडी अशीच मांडीवर लागली! पुस्तकं शनिवारपर्यंत शहापूरच्या सभासदांकडे पोहोचवावीत.