स्टॉलचा सराव: आधी कोन कमी करा, उंची नंतर सावरा

महोदय,

घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये स्टॉलच्या (पंखाची उचल कोसळण्याच्या) सरावाची एक जुनी रीत अजून टिकून आहे. विमान डळमळले की थ्रॉटल (इंजिनाच्या ताकदीचा दांडा) पूर्ण पुढे द्यायचा, नाक क्षितिजाच्या जरासे वर धरून ठेवायचे आणि शंभर फुटांच्या आत विमान सावरले तर सराव उत्तम झाला असे समजायचे. ही रीत आता सोडून द्यावी, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. ती वैमानिक-प्रशिक्षणातूनच आली होती आणि तिथून ती केव्हाच हद्दपार झाली आहे.

ती का गेली ते आधी पाहू. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलोजवळ उतरायला निघालेल्या कोल्गन एअरच्या डॅश-८ क्यू४०० विमानाचा वेग घटला आणि स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा स्टिक शेकर थरथरू लागला. कॅप्टनने योक (नाक वर-खाली करणारा आणि विमान कलवणारा हाताचा दांडा) पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण गेले. त्याच वर्षी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए३३० १ जूनला अटलांटिक महासागरावर स्टॉल झाले. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने तुंबल्यामुळे वेगाचे आकडे बिघडले होते हे खरे, पण सुमारे ३८,००० फुटांवरून पाण्यापर्यंत ते पडत राहिले ते बहुतांश वेळ नाक वर ओढून धरल्यामुळे. इंजिने चालू होती. २२८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने स्टॉल प्रशिक्षणाची मार्गदर्शिका नव्याने काढली. उंची कमीत कमी गमावण्याची जुनी कसोटी तिने बाजूला सारली आणि नाक खाली करून हवेशी होणारा पंखाचा कोन घटवण्याला पहिला क्रम दिला. इंजिनाची ताकद त्यानंतर, गरजेनुसार.

पंख स्टॉल होतो तो वेगामुळे नव्हे, समोरून येणाऱ्या हवेशी तो करत असलेल्या कोनामुळे. या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. छोट्या विमानांच्या बहुतेक पंखांवर तो १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठभागावरून हवा सुटते आणि लिफ्ट (उचल) कोसळते. इथे हवा येते ती विमान ज्या दिशेने खरोखर चालले आहे तिकडून. नाक कुठे रोखलेले आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. नाक क्षितिजाच्या १० अंश वर असेल आणि विमान १० अंश खाली घसरत असेल, तर कोन साधारण २० अंश होतो आणि विमान स्टॉलमध्ये असते. काचेतून मात्र ते छान वर चढत असल्यासारखे दिसते. नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

वेगाचे आकडे निरुपयोगी नाहीत, ते ठरावीक परिस्थितीपुरते खरे असतात. सेसना १७२एस या छोट्या विमानाचे उदाहरण घ्या. पूर्ण वजन म्हणजे २,५५० पौंड, पंख समतल, इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी ताकदीवर) असताना हे विमान फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग) न लावता ४८ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि पूर्ण फ्लॅपवर ४० नॉटला स्टॉल होते. वेगमापकावरचे हिरवे आणि पांढरे पट्टे याच आकड्यांपासून सुरू होतात. उंची राखून ४५ अंश कलून वळलात तर ४८ चे ५७ होतात, ६० अंशांवर ६८. डुबकीतून योक झटक्यात ओढला तर १०० नॉटच्या आसपासही पंख दगा देऊ शकतो.

सरावाआधी सिम्युलेटर नीट लावून घ्यावा, कारण त्याच्या मदतनीस सोयी स्टॉल झाकून टाकतात. ऑटो-रडर (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर आपोआप चालवणारी सोय), ऑटो-ट्रिम (योकवरचा सततचा दाब हलका करणारी ट्रिम आपोआप लावणारी सोय) आणि योकला मदत करणारे सगळे पर्याय बंद करा. काही सिम्युलेटर रडरला अक्ष जोडलेला नसेल तर रडर स्वतःच चालवतात. अशा वेळी पंख कधी नीट खाली पडतच नाही आणि माणसाला वाटते आपले कसब वाढले. पेडल नसतील तर पिळता येणारी जॉयस्टिक चालेल. मधला डेड झोन (जिथे हालचालीचा परिणामच होत नाही तो पट्टा) जेमतेम ठेवा, नाहीतर पहिला हलका दाब वायाच जातो. कोनाचा आकडा डोळ्यांसमोर असणे फार मोलाचे आहे. एक्स-प्लेनमध्ये डेटा आउटपुटमधून तो पडद्यावर घेता येतो, फ्लाइटगिअरमध्ये प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये ओरिएंटेशनखाली अल्फा या नावाने सापडतो. वारा शून्य, खळबळ शून्य, इंधन पूर्ण आणि जमिनीपासून निदान ५,००० फूट उंची, अशी स्थिती जतन करून ठेवली की दर वेळी तिथूनच सुरुवात करता येते.

पहिला सराव उतरण्याच्या स्थितीतला. ८५ नॉटच्या खाली येऊन पूर्ण फ्लॅप लावा, ६५ नॉटवर ट्रिम करा आणि त्यानंतर ट्रिमला हात लावू नका. वेग घटताना ट्रिम मागे देत गेलात तर सुटका करताना तीच ट्रिम तुमच्या विरुद्ध काम करते. आता थ्रॉटल आयडलवर घ्या आणि उंची राखत योक हळूहळू मागे आणा, सेकंदाला साधारण एक नॉट घटेल इतक्याच गतीने. स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी इशाऱ्याचा हॉर्न वाजेल. मग पंख थरथरेल, नाक आपोआप झुकेल. खुर्चीत बसल्याजागी ही थरथर जाणवत नाही आणि साध्या जॉयस्टिकची स्प्रिंग १०० नॉटला जेवढी घट्ट तेवढीच ४५ नॉटलाही असते. खऱ्या विमानात योक सैल पडतो. तो इशारा इथे मिळत नाही. म्हणून कान हॉर्नकडे आणि नजर कोनाच्या आकड्याकडे ठेवावी.

सुटका करताना योक पुढे जातो, हॉर्न थांबेपर्यंत. सेसनामध्ये नाक क्षितिजावर किंवा थोडेसे खाली आले की बहुधा पुरते, सरळ डुबकी मारायची गरज नसते. कोन उतरला की पंख समतल करा. त्यानंतर पूर्ण थ्रॉटल आणि त्याच्या जोडीने उजवा रडर, कारण प्रोपेलर नाक डावीकडे ओढतो. फ्लॅप लगेच २० अंशांवर घ्या, पण पुढचे टप्पे विमान खरोखर चढू लागल्यावरच. सगळे फ्लॅप एकदम काढले तर लिफ्ट एकदम जाते. थ्रॉटल आधी दिला तर काय होते तेही मुद्दाम करून पाहावे. पंख स्टॉल झालेला, नाक वर आणि त्यात ताकदीचा डावा झोका, म्हणजे डावा पंख खाली. सावरल्यावर घाईने योक ओढलात की दुसरा स्टॉल येतो आणि तो पहिल्यापेक्षा तीव्र असतो. सरावाचे मोजमाप करायचेच असेल तर हॉर्न वाजल्यापासून योक पुढे जाईपर्यंत किती वेळ गेला आणि सुटकेनंतर हॉर्न पुन्हा वाजला का, हे मोजावे.

पंख पडला की हात नकळत एलेरॉनकडे (पंखांच्या टोकांकडचे, विमान कलवणारे भाग) जातो. डावा पंख पडला म्हणून योक उजवीकडे फिरवला की डाव्या पंखाचे एलेरॉन खाली वळते, त्या भागाचा कोन आणखी वाढतो आणि आधीच स्टॉल झालेला पंख अधिकच खोल स्टॉलमध्ये जातो. कोन कमी होईपर्यंत एलेरॉन मध्यावर ठेवून नाकाचे भरकटणे रडरने थोपवावे.

ज्याचा सराव सगळ्यात कमी होतो आणि ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तो स्टॉल बेसवरून (उतरण्याआधीच्या, धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळतानाचा. वळण चुकून धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. जास्त कलायला मन धजत नाही म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबला जातो. त्याने कल वाढतो, मग तो रोखायला उलटे एलेरॉन येते. नाक झुकते, मग योक मागे ओढला जातो. चारही गोष्टी एकत्र आल्या की आतला पंख हॉर्नचा अर्थ कळायच्या आत खाली जातो. हीच जुळणी ५,००० फुटांवर मुद्दाम करा आणि किती उंची गेली ते पाहा. मग तेवढी उंची फायनलच्या वळणावर हाताशी असते का, हे स्वतःच ताडून बघा. उपाय एकच: रेषा ओलांडली गेली तर पुन्हा फेरी घ्यायची, रडरने नाक ढकलायचे नाही.

स्पिन (स्टॉल होऊन गोल फिरत खाली येणे) लागलीच तर थ्रॉटल आयडल, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट बाजूचा पूर्ण रडर आणि मग योक ठामपणे पुढे. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणून डुबकीतून हळुवार बाहेर. फ्लॅप लावलेले असतील तर काढून टाका. एका फेऱ्याच्या स्पिनमध्ये सुटकेसह सुमारे १,००० फूट जातात असे सेसनाचे उड्डाण-पुस्तकच सांगते.

जेट विमानांबद्दल थोडक्यात. पंखाखाली इंजिने असलेल्या विमानात पूर्ण थ्रस्ट (इंजिनांचा रेटा) नाक वर ढकलतो, त्यामुळे नाक खाली जात नसेल तर थ्रस्ट कमीही करावा लागतो. ३५,००० फुटांवर राखीव ताकद अगदी थोडी असते. तिथे हजारो फूट उंची देऊनच वेग परत मिळतो. एअरबस नॉर्मल लॉमध्ये (संगणक-नियंत्रणाच्या नेहमीच्या स्थितीत) कोन मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. स्टॉलच्या सरावासाठी तिला अल्टरनेट लॉमध्ये (संरक्षणे कमी असलेल्या स्थितीत) न्यावे लागते.

सिम्युलेटरची मर्यादाही सांगायलाच हवी. स्टॉलच्या कोनापलीकडची हवा गुंतागुंतीची असते आणि तिची विश्वसनीय मोजमापे थोडी असतात. अमेरिकेत एअरलाइन वैमानिकांना पूर्ण स्टॉलचे प्रशिक्षण मार्च २०१९ पासून बंधनकारक झाले, त्याआधी प्रमाणित सिम्युलेटरांमध्येसुद्धा स्टॉलनंतरच्या वागणुकीचे नवे प्रारूप बसवावे लागले. घरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉल होईपर्यंतचे वागणे बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. पंख कोणत्या बाजूला आणि किती वेगाने पडेल, स्पिन किती फेऱ्यांत सुटेल, हे त्यावरून ठरवू नये. पुढे खऱ्या विमानात शिकू इच्छिणाऱ्यांनी इथून हातांचा क्रम पक्का करून न्यावा. स्पिनचा अंदाज मात्र प्रशिक्षक शेजारी असताना, त्यासाठी मान्यता असलेल्या विमानातच घ्यावा.

आपला विश्वासू,
एक वाचक