लेकीला पत्र : रात्रीच्या पहाऱ्याची नोकरीही ज्याला मिळाली नसती

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

इंटर्नशिपच्या अर्जात आडनाव गाळून नुसतं वडिलांचं नाव लाव, म्हणजे आधी मार्क बघतील आणि मग बाकीचं, असा सल्ला एका सीनिअरने तुला दिला. फोनवर तू तो सहज सांगितलास, मला मात्र सहज घेता आला नाही. तू काय करावंस हे मी सांगणार नाही. पण ठरवण्याआधी गाब्रिएल रिसर नावाच्या एका जर्मन कायदेपंडिताविषयी वाच. तुमच्या अभ्यासक्रमात तो येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रिसर १८०६ साली हाम्बुर्गमध्ये एका ज्यू घरात जन्मला. आजोबा तिथले मोठे रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू. विसाव्या वर्षी तो हायडेलबर्गहून कायद्याचा डॉक्टर झाला, तोही सर्वोच्च श्रेणीत. तिथेच शिकवायची त्याची इच्छा होती, पण ज्यू म्हणून नकार आला. मग हाम्बुर्गला येऊन वकिलीची सनद मागितली, तीही मिळाली नाही, कारण त्या शहरात ज्यूला पूर्ण नागरिकच मानत नसत. त्याच्या बुद्धीबद्दल कुणाचाच आक्षेप नव्हता, हे लक्षात घे.

आणि सुटकेची वाट समोर उघडी होती. बाप्तिस्मा घ्यायचा, म्हणजे ख्रिस्ती व्हायचं, की झालं. एडुआर्ट गान्स या कायदेपंडिताने १८२५ मध्ये तो घेतला आणि पुढच्याच वर्षी तो बर्लिनला प्राध्यापक झाला. कवी हाइनेनेही १८२५ मध्येच बाप्तिस्मा घेतला. खरोखरच श्रद्धा बदलली का, हे कुणी विचारत नव्हतं. चर्चच्या वहीत नोंद झाली की पुरे. रिसर काही कर्मठ नव्हता, ज्यूंमधल्या सुधारणावादी पंथाकडे त्याचा ओढा होता. तरी त्याने ही नोंद केली नाही. जो हक्क मुळात माझा आहे, तो मिळवण्यासाठी मी स्वतःला का बदलू, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

१८३१ मध्ये त्याने ज्यूंच्या समान हक्कांसाठी पुस्तिका लिहिली. हायडेलबर्गच्या पाउलुस या नामांकित धर्मशास्त्र्याने उत्तर दिलं की, आपला धर्म धरून बसलेले ज्यू हे वेगळं राष्ट्र आहे, त्यांना संरक्षण द्यावं, नागरिकत्व नाही. त्यावर रिसरने लिहिलं, ‘आम्ही बाहेरून आलेलो नाही, इथेच जन्मलो आहोत. म्हणूनच दुसरीकडे कुठे मायदेश मागायचा आम्हाला हक्क नाही. आम्ही एक तर जर्मन आहोत, नाही तर बेघर.’

सनद नाही ती नाहीच. १८४० मध्ये हाम्बुर्गला त्याला नोटरीचं काम मिळालं, तेवढ्यावर भागवलं. मग १८४८ ची क्रांती झाली आणि लाउएनबुर्गमधून निवडून येऊन तो साऱ्या जर्मनीची राज्यघटना करायला फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्श चर्चमध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेत बसला. पुढे काही महिने तिचा उपसभापतीही होता.

२९ ऑगस्ट १८४८ चा दिवस मला त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाटतो. मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. धर्मावरून नागरी हक्क ठरणार नाहीत, असं कलम समोर होतं. मोरित्स मोल या सभासदाने दुरुस्ती मांडली की ज्यूंसाठी वेगळा खास कायदा करावा, कारण त्यांचा किरकोळ व्यापार आणि सावकारी शेतकऱ्याला बुडवते. मोल डाव्या बाजूचा, गरिबांच्या कळवळ्याने बोलणारा माणूस. म्हणून तर उत्तर देणं अवघड होतं. रिसर उभा राहिला. हजारो वर्षं दडपलेल्या वर्गाच्या वतीने मी बोलतो आहे, म्हणाला. या वर्गाचा मी जन्माने आहे आणि स्वाभिमानानेही आहे, कारण नाकारलेले हक्क धर्म बदलून मिळवणं मला हीन वाटलं. माझ्याच गावात अगदी आतापर्यंत मला रात्रीच्या पहारेकऱ्याची नोकरीसुद्धा मिळाली नसती, हेही त्याने भर सभेत सांगितलं. आणि मग वकिलाला शोभेल असा मुद्दा मांडला : एका गटासाठी अपवादाचा कायदा केलात, तर स्वातंत्र्याच्या सगळ्या व्यवस्थेलाच चीर जाईल. दुरुस्ती फेटाळली गेली.

या सभेचा शेवटचा मोठा सभापती एडुआर्ट सिमसन. तोही ज्यू घरातलाच, पण लहानपणीच त्याचा बाप्तिस्मा झाला होता. पंचविशीच्या आसपास तो क्योनिग्सबर्गला प्राध्यापक आणि न्यायाधीश झाला. पुढे जर्मन साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला अध्यक्ष. मी त्याला दोष देत नाही, तो निर्णय त्या पोराचा नव्हताच. ३ एप्रिल १८४९ रोजी राष्ट्रीय सभेचं शिष्टमंडळ बर्लिनला प्रशियाच्या राजाला जर्मन सम्राटपदाचा मुकुट द्यायला गेलं, तेव्हा सिमसन त्याचा प्रमुख होता आणि रिसर त्यात सभासद. राजाने मुकुट नाकारला, सभेने केलेली राज्यघटना कागदावर राहिली. बुद्धीने तोलामोलाचे हे दोघे एकाच दालनात उभे होते, पण एकाच्या गाठीला जवळजवळ पंधरा वर्षांची न्यायाधीशी होती आणि दुसऱ्याला साधी वकिलीची सनदही नाकारलेली होती. या हिशेबाने मला आजही राग येतो.

१८६० मध्ये हाम्बुर्गने रिसरला आपल्या उच्च न्यायालयावर घेतलं. जर्मनीतला तो पहिला ज्यू न्यायाधीश, तोही धर्म न बदलता. जेमतेम तीन वर्षं मिळाली. १८६३ च्या एप्रिलमध्ये तो गेला. उत्तर जर्मन संघराज्याने धर्मावरून असलेली सगळी नागरी बंधनं रद्द केली, ती १८६९ मध्ये. आणि १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझींनी नवा कायदा करून ज्यू न्यायाधीशांना पुन्हा घरी पाठवायला सुरुवात केली. तो अपवादाचाच कायदा होता, आणि चीर कुठवर गेली हे तुला ठाऊक आहे.

तुलनात्मक राज्यघटनेच्या पेपरला आजच्या जर्मन घटनेचं १४० वं कलम काढून बघ. त्यात १९१९ च्या घटनेचं १३६ वं कलम जसंच्या तसं ओढून घेतलंय. ते फ्रँकफुर्टच्या सभेने केलेल्या घटनेच्या १४६ व्या कलमाशेजारी ठेवून वाच : हक्कांना धर्माची अट नाही आणि मर्यादाही नाही, हे दोन्हीकडे सारखंच आहे. वाचलंस की फोन कर, मला त्यावर तुझ्याशी बोलायचं आहे.

तुझा,
बाबा